भवानीचा पैसा

मालक, तुम्ही गेलात त्याला आता किती दिवाळ्या झाल्या ते मी मोजत नाही. तुम्ही हयात असताना हे लिहायला हवं होतं, पण मग उत्तर आलं असतं, आणि तुमच्या उत्तराची मला कायम धास्ती वाटत आली. तुम्ही कडक असतात तर मी कधीच काहीबाही खरडून धाडलं असतं. कडक माणसाशी भांडता येतं. तुम्ही भांडायला जागाच ठेवली नाहीत, आणि आज या वयात माझं तुमच्याविषयी गाऱ्हाणं आहे ते तेवढंच.

बार्शीला तुमच्या दुकानात मी तराजू धरायला शिकलो. हात बसल्यावर तुम्ही मला गाडीभर माल उधार दिलात, ना जामीन, ना गहाण, आणि म्हणालात, आपल्या गावात जाऊन दुकान टाक. धर्मापुरीत देवळाच्या वाटेवर मी दुकान टाकलं. मीठ, गूळ, खोबरं, हळद, सुपारी. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला, आणि गावातला पहिला मेलेला उंदीर सापडला तो माझ्या दुकानात, गुळाच्या ढेपांमागं. तो शेजारच्या घरात पडला असता तर माझा सगळा जन्म वेगळा झाला असता, एवढीशी ती गोष्ट. गाव माळावर झोपड्या घालून राहिलं, दुकानाला कुलूप लागलं. रोग ओसरल्यावर लोक परतले, घरं सारवली, राहिलेली लग्नंही उरकून घेतली, पण माझ्या दुकानाची पायरी कुणी चढेना. "त्याच्या गुळात रोग हाय," असं कुणीतरी म्हणायचा अवकाश होता. बायका पोरांना माझ्या दारावरून नेताना कडेवर घ्यायच्या. गूळ पाझरला, खोबऱ्यात किडे झाले, आणि शेवटी पंचांच्या सांगण्यावरून सगळा माल मी ओढ्याकाठी खड्डा खणून पुरला. तुमचा माल मी माझ्या हातानं पुरला, मालक. वर माती लोटताना सुपारीचा वास येत होता.

तेव्हा गावातल्या शहाण्यांनी मला पारावर बसवून समजावलं. "खुळा का काय बे तू? तुझं देणं इंग्रजी मुलखात. हितं निजामाचं राज्य हाय. बार्शीचा वाणी मोगलाईत येऊन फिर्याद करतोय व्हय? हद्दीच्या पल्याडचं देणं कोण फेडतंय?" ते खोटं बोलत नव्हते. कितीतरी जणांनी तसंच केलं होतं आणि ते ताठ मानेनं हिंडत होते. मलाही कुणी हात लावू शकत नव्हतं. तीच माझी खरी अडचण झाली. ज्याच्या दारात तकाजेवाला बसतो त्याला निदान उठावं तर लागतं. मला रोज पहाटे स्वतःची मानगूट स्वतःच धरावी लागायची.

मी पायी बार्शीला आलो. तुम्ही जेवायला बसला होतात. मला स्वयंपाकघरात बोलावून तुम्ही शेजारी पाट मांडायला लावलात, आणि मालकीणबाईंनी तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. मी घास हातात धरून बसलो आहे, आणि तुमचं किती देणं निघतं ते सांगायला लागलो आहे, आणि तुम्ही डावा हात वर करून मला थांबवता. "आकडा सांगू नगंस. आकड्याकडं बगत बसलं की माणूस मरतंय. आदी जेव." हात धुतल्यावर तुम्ही म्हणालात, "बाजार धर. दर बाजारची भवानी माझी. रुपाया येऊ दे न्हाईतर ढब्बू पैसा येऊ दे. येळच्या येळी बाजूला टाकायची आन् दिवाळीच्या पाडव्याला मला आणून द्यायची. व्याज न्हाई." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी तुमच्या पायांवर पडून रडलो. सगळं फेडीन, पै न् पै, असा शब्द दिला. त्या दिवशी मला देव भेटला असंच वाटलं.

पण तुम्हीही वाणी आणि मीही वाणी. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, कशी असते ते तुम्हाला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत धाडायचं नाही, भावावरून त्याच्याशी ताणायचं नाही, हे आपल्यात शिकवावं लागत नाही. गिऱ्हाइकांनाही ते पक्कं माहीत असतं. म्हणून भल्या सकाळी येतात ते सगळ्यात चिक्कू लोक. घाटनांदूरच्या बाजारात एक म्हातारी तर मी गोणपाट अंथरायच्या आत येऊन उकिडवी बसायची. एका ढब्बूत मीठ, त्यावर चिमूटभर जिरं, त्यावर हळकुंडाचा तुकडा. मी कां-कू केलं की म्हणायची, "भवानीला न्हाई म्हणतूस व्हय रं? कावून? दिस बुडवायचाय का?" आणि मी मुकाट्यानं द्यायचो. दिवसातला सगळ्यात हलका पैसा तुमच्या नावचा. माझी बायको माझ्याही पुढची. चुकून एखादा पाटील सकाळीच गुळाची ढेप मागायला आला की ती पदर सावरून म्हणायची, "वाईच थांबा पाटील, आदी भवानी होऊ द्या," आणि त्या म्हातारीला हाक मारायची. मी तराजूची दोरी नीट करत बसायचो. पाडव्याला मी निजामाच्या हाली पैशांची पिशवी तुमच्यापुढं ओतायचो, इंग्रजी कळदार रुपयांत बदलायचा म्हणून बट्टा कापला जायचा, आणि जे उरायचं त्याकडं बघून तुम्ही हसून म्हणायचात, "लई झालं की." परतीच्या वाटेवर मी मनात हिशोब मांडायचो आणि दर वर्षी तो एकाच ठिकाणी येऊन थांबायचा, की हे या जन्मी फिटत नाही.

म्हणून मी बायकोचा चांदीचा कमरपट्टा आणला. तिनंच काढून दिला होता, "जाऊ द्या एकदाचं," म्हणून. तो मी तुमच्या गादीवर ठेवला आणि आयुष्यात एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडलात. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. "बायकूचं आंग ओकंबोकं करून माझं घर भरतूस? लाज न्हाई वाटत? भवानी म्हणलं म्हंजी भवानी. उचल ते!" सगळ्या पेठेनं तुमची वाहवा केली. मी पट्टा कमरेला गुंडाळून, सदऱ्याखाली लपवून घरी आणला. बायकोनं तो बघितला आणि फडताळात टाकून दिला. पुढं दुष्काळात ज्वारीपायी तो गेलाच. तुम्ही घेतला असता तर देणं निम्म्यावर आलं असतं. नाही घेतलात, तर तो आमच्याही अंगावर राहिला नाही आणि तुमच्या पेटीतही गेला नाही.

हे मी तुम्हाला कधी बोललो नाही, आज बोलतो. सावकार मान धरतो तेव्हा माणूस मरतो किंवा सुटतो. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि तो हात उचललाच नाहीत. लोक म्हणायचे, काय नशीबवान, बिनव्याजी देणेकरी. मला मात्र नवा अंगरखा शिवला तर तुमचा वाटायचा, सणाला पोळीवर तूप घेतलं तर तुमचं वाटायचं. माझ्या घरात मी पाहुणा होतो.

एका उन्हाळ्यात मी पळून निघालो. बायकोला सांगितलं परळीला माल आणायला जातो, आणि बाजाराचा माल वाहायच्या तट्टावर बसून हैदराबादची वाट धरली. तिकडं कुठंतरी हमाली करीन, नाव बदलीन, एवढंच डोक्यात होतं. फाट्यावर तट्टू आपलं आपण बाजाराच्या रस्त्याला वळलं. वार बाजाराचा होता आणि त्या मुक्या जनावराला तेवढंच ठाऊक होतं. मी लगाम ओढला, टाचा मारल्या, शिव्या घातल्या. ते मान खाली घालून चालत राहिलं आणि मला एकदम थकवा आला, म्हटलं चल बाबा, ने कुठं न्यायचं ते. बाजारात खोगिरातल्या थोड्याशा हळदीवर गोणपाट मांडला. भवानी झाली. ती बाजूला टाकली. लोक मला विचारतात, एवढी वर्षं दम कसा टिकवलास, आणि मी तोंड गंभीर करून तुमच्या शब्दाचं सांगतो. एका वर्षाचा दम तरी त्या तट्टाचा होता.

मग एका पाडव्याला आलो तर गादीवर तुमचा मुलगा. तुम्ही श्रावणातच गेला होतात, मला कुणी कळवलं नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. मला हमसून रडू आलं. मुलगा भला. म्हणाला, "काका, बाबा गेले. आता कुठवर येरझाऱ्या घालता? ह्या खेपंला आणलंय तेवढं द्या आन् मिटलं म्हना." मी ताठ उभा राहिलो. "शबूद मी मालकाला दिलता. तो सोडायचा हक तुमाला न्हाई." दुकानातली माणसं बघतच राहिली. मलाही स्वतःचा फार अभिमान वाटला, तो घरी पोचेपर्यंत टिकला. बायकोनं ऐकून घेतलं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "शबूद तुमचा. प्वाट माझं बी हाय."

त्यानंतरही मी कितीतरी पाडव्यांना गेलो. मेलेल्या माणसाचं देणं फेडणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडत राहण्यासारखं आहे. घ्यायला समोर कुणी नाही, लई झालं की म्हणायला कुणी नाही. तट्टू म्हातारं होऊन मेलं, दुसरं घ्यायची ऐपत नव्हती, मग मी आणि बायको डोक्यावर गाठोडी घेऊन बाजार करू लागलो. औंदा पावसाळ्यानंतर परळीच्या वाटेवर ती एकाएकी खाली बसली. गाठोडं तसंच डोक्यावर. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "कायबी न्हाई. तुमी व्हा म्होरं." मी तिच्या तळपायांकडं बघितलं. भेगांत माती जाऊन काळ्या रेघा झाल्या होत्या. शब्द देताना तिला मी विचारलंच नव्हतं. मला तुमचा इतका राग आला, मालक, की तुम्ही समोर असतात तर मी तुमची गादी रस्त्यावर ओढली असती.

या पाडव्याला तिलाही बरोबर आणलं. हद्दीवरच्या नाक्याच्या अलीकडं, आमच्याच मुलखात, चिंचेखाली बसवून मी पुढं गेलो. तुमच्या मुलापुढं पिशवी ठेवली आणि मान खाली घालून म्हणालो, "मागं तुमी एक बोलला व्हता. ते आजून हाय का?" त्यानं विचारलं, "कोणतं, काका?" त्याच्या ध्यानातही नव्हतं. ज्या नकारावर मी इतकी वर्षं मान ताठ ठेवली, तो त्या दुकानात कुणाला आठवतही नव्हता. मला सगळं पुन्हा सांगावं लागलं, एखाद्या भिकाऱ्यानं सांगावं तसं. तो म्हणाला, "मिटलं, काका," आणि मला चहा पाजला.

हे पत्र मी कुणाकडं देणार? तुमच्या मुलाच्या हाती पडलं तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याचं मन फिरलं आणि आता तो उरलेलं द्यायला येतोय. घडी करून ठेवून देतो. एक मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. शब्द मोडून मी परत चिंचेखाली आलो, बायकोला काय झालं ते सांगितलं आणि जरा पडतो म्हणालो. मला वाटत होतं, डोळे मिटले की तुम्ही दिसाल, तो डोक्यावरचा हात आठवेल, लाज वाटेल. भर दुपार होती, अंगावर माश्या बसत होत्या, आणि मला गाढ झोप लागली.