एवढं थांबलो, आता येईलच

अप्पा, चेन्नईत एग्मोरच्या बसथांब्यावर तुम्ही मला किती उभं केलंत! चालत निघालो असतो तर केव्हाच घरी पोचलो असतो, पण तुमचं आपलं एकच, "एवढं थांबलो की मा, आता येईलच बस." मी कुरकुरले की उकडलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलची पुडी हातात द्यायचात. माझ्या लग्नाचंही तुम्ही तेच केलंत.

तंजावरकडची आपली मराठी घरं मुळात मोजकी, त्यांतली मुलं आणखी मोजकी. घरात मराठी टिकावी म्हणून तुम्हाला जावई त्यांतलाच हवा होता. सिरुसेरीच्या ऑफिसातला माझा सहकारी, तांबरमचा तमिळ मुलगा, तुमच्यासाठी माझ्याकडून मराठी शिकला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "अप्पा, मी तुमच्या मुलीला सुखात ठेवीन." तुम्ही सांबार ढवळत होतात, वळूनही पाहिलं नाहीत. "बोलता आलं म्हणून आपला होतो काय?" तो गेल्यावर मात्र मला म्हणालात, "पोरगा बरा आहे, पण थोडं थांबू." मी थांबले. त्याचं लग्न झालं. पुढे स्थळं येईनाशी झाली, तसा तुमचा हट्ट वाढतच गेला. "एवढ्यांना नको म्हटलं, आता कोणालाही कशी देऊ? लोक हसतील की." मला तुमचा राग यायचा, अप्पा. अजून येतो.

तुम्ही गेलात आणि घरातली मराठीही गेली. कामवालीशी तमिळ, ऑफिसात इंग्रजी. या शहरात माझ्याशी मराठी बोलणारं आता एकच माणूस उरलंय, आणि ते म्हणजे तोच. त्याची बायको वारली. गेल्या रविवारी तांबरम स्टेशनच्या बाकावर माझी गाडी येईपर्यंत तो बसून होता. त्याच अडखळत्या मराठीत म्हणाला, "आता तरी हो म्हण." हो अगदी ओठांवर आलं होतं. पण हो म्हटलं, की तुमचं-माझं सगळं थांबणं फुकट गेलं हे मलाच कबूल करावं लागणार होतं. ते काही मला झेपलं नाही. मी नको म्हटलं. गाडी आली, मी चढले, तो बाकावरच बसून राहिला. आता तो पुन्हा विचारणार नाही.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच सांगते. नकार मी तमिळमध्ये दिला. मराठीत तो तोंडातून निघाला नसता.