चालत्या टेम्पोतला फोन

चि. मृणाल,

तुझा तो फोन उचलल्याचा दंड फारसा जड गेला नाही. पण लायसन्स तीन महिने निलंबित झालं, आणि कोलशेतच्या कंपनीने मालासाठी माझ्या जागी दुसरा टेम्पो लावला.

सासरचे देवळात गेले की तू बोलतेस, म्हणून चालत्या गाडीतच उचलला. "बाबा, बाळाला घेऊन कायमची येऊ?" आवाज रडून बसलेला. मी ऐटीत म्हटलं, "खुशाल ये गं. तुझा बाप अजून चौघांना पोसेल."

तेवढ्यात हवालदाराने हात केला. "काका, एवढं कोण महत्त्वाचं?"

"पोरगी."

"मग बाजूला थांबून बोलायचं ना."

बरोबरच होतं त्याचं.

तू डोंबिवलीहून दर फोनला विचारतेस, कधी न्यायला येताय? मी म्हणतो, पुढच्या रविवारी. हे पत्र टाकायचा धीर नाही.

हप्ते थकले होते. काल फायनान्सवाले टेम्पो घेऊन गेले.

तुझा,
बाबा