हिरवी पट्टी

लातूर, मंगळवार

काल वहीत डावा गुडघा लिहिला, ते चुकलं. भाईजानचा उजवा गुडघा सुजलाय. अब्बांनी घरी शिकवताना हेच सांगितलं होतं, चूक खोडायची नाही, खाली दुरुस्त करायची.

माझ्या खोलीखालच्या चहाच्या हॉटेलात आज उदगीरहून क्लासला आलेली पोरं बसली होती. विषय आमच्या उदगीरच्या फुटबॉल क्लबचा, भाईजान त्याचा गोलकीपर. रविवारी फायनल. भूकंपात पडलेली मैदानाची भिंत तिकिटांच्या पैशातून बांधणार.

"गोलकीपर लंगडायलाय की रे."

"त्याच्या गुडघ्याला दर्ग्याची हिरवी पट्टी हाय. काय व्हत न्हाई. आन् तो न्हाई उतरला तर तिकीट कोण घेईल? तुझं पोट बघायला?"

सगळे हसले. पट्टी दर्ग्याची नाही, माझ्या ओढणीची आहे. गेल्या वेळी घरी गेले तेव्हा सूज झाकायला मीच फाडून दिली. डॉक्टरांनी खेळू नको म्हटलंय, हे भाईजानशिवाय फक्त मला ठाऊक. "अब्बांना सांगू नको," म्हणाला. खाली सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव, आणि मी वर एकटी. सांगितलं तर पुन्हा बोलेल का माझ्याशी? पण पाय गेला तर? आणि ती हिरवी पट्टी...

शुक्रवारी क्लासची चाचणी आहे, देणार नाही. जुम्म्याची नमाज पढून अब्बा घरी येतील, तेव्हा मी उदगीरला दारात उभी असेन. याच शुक्रवारी.