डाव्या गालातला चेंडू

तोर्रेओन, ९ जून १९७७

ती. ओतिलियाताईस,
चोनचा लांबूनच मिठी मारून सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला उतरला, बरं वाटलं. रोसेन्दोभावजींच्या होडीला नवं इंजिन बसलं म्हणतेस. म्हणजे आता भेटतील तेव्हा इंजिनाखेरीज दुसरा विषय नाही. तयारी ठेवतो.

माझं काय चाललंय ते तू रेडिओवर ऐकतच असशील. बेसबॉलच्या गेल्या पाच सामन्यांत चेंडू टाकला आणि पाचही हरलो. ताई, मला कळेनासं झालंय. वेग आहे. आमचा कॅचर तावो मला रोज सुजलेला तळहात दाखवतो. वळणारा चेंडू तर असा पडतो, की टेबलावरून ताटली पडावी. पण समोरचे गडी त्याची वाटच बघत असतात. आजवर त्या चेंडूला जे हवेत बॅट फिरवायचे, ते आता शांतपणे उभे राहून त्याला कुंपणाबाहेर धाडतात. जणू मीच आधी पत्र टाकून कळवलंय!

काल मॅनेजर डॉन प्लुतार्कोंनी बोलावलं. बुटाने धूळ उकरत म्हणाले, की बारा वर्षं खेळलेल्या माणसाला शिकवायची मला लाज वाटते, पण मालक विचारतायत. आणखी तीन सामने देतो, मग बघू. हे 'मग बघू' मी चार संघांत ऐकलंय. त्यानंतर कुणी काही बघत नाही, फक्त तुमची पेटी दाराबाहेर ठेवलेली असते.

सतराव्या वर्षी सीमेपलीकडच्या, उत्तरेकडच्या क्लबवाल्यांनी मला नेलं, तेव्हा आपलं अख्खं यावारोस बँड लावून नवोहोआच्या स्टेशनवर आलं होतं. दोन महिन्यांत खांद्यापायी त्यांनी परत पाठवलं. तेव्हापासून सात गावांच्या टोप्या घालून झाल्या. आता एकोणतिसाव्या वर्षी सार्डिनच्या कारखान्यात तुझ्या शेजारी उभा राहून मासे कापू का? तीन सामन्यांचं आईला मात्र सांगू नकोस.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
चोन

*

यावारोस, १८ जून १९७७

चि. चोन यास अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

आईला सांगू नकोस हे शेवटी का लिहितोस, बाबा? पहिल्या ओळीत लिहावं. मी पत्र मोठ्याने वाचत होते. तिने ऐकलं, चुलीवरचं कालवण उतरवलं आणि म्हणाली, की त्याला बघून ये. मी म्हटलं, बघून काय होणार? तर म्हणाली, की आजारी माणसाला पत्रातून कोण तपासतं?

तेव्हा मी येते. कारखाना जुलैत बंदच असतो. हिवाळ्यात तू नवोहोआला खेळायचास तेव्हा आमच्या पाळ्या ऐन भरात. एकदाच सुट्टी काढून आले, तर तू दिवसभर बाकावर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होतास. बारा वर्षांत सख्ख्या भावाला मैदानात एक चेंडू टाकताना पाहिलेलं नाही, हे लोकांना सांगायचीसुद्धा चोरी.

रोसेन्दोंनी आधी नको म्हटलं, मग पंधरा मिनिटांनी स्वतःच जाऊन बसची चौकशी करून आले. नवोहोआहून आगगाडीने मासात्लान, तिथून डोंगरातून बस. आई तुझ्यासाठी गव्हाच्या त्या चादरीएवढ्या पोळ्या आणि वाळवलेला मासा देणार आहे. बसमधले लोक मला खाली उतरवतील, पण मी काही मासा सोडायची नाही.

तीन तारखेला रविवारी दुपारचा सामना आहे ना? पहिल्या रांगेतलं तिकीट काढून ठेव. तोवर जेव, झोप, आणि आमच्यावरची माया शाबूत ठेव.
तुझी ताई,
ओतिलिया

*

तोर्रेओन, ४ जुलै १९७७

चि. चोन यास घाईघाईत आशीर्वाद.

अरे, सामना संपताच तुमची बस माँतेर्रेला निघाली आणि मी धावत फाटकाशी येईतो नुसती धूळ! मी हात हलवत ओरडत होते. तुला वाटलं मी निरोप देतेय. तूही मान खाली घालून हात हलवलास. मी निरोप देत नव्हते, गाढवा! मी गालाकडे बोट दाखवत होते.

तुझा गाल, चोन. डावा.

वळणारा चेंडू टाकायच्या आधी तू जीभ डाव्या गालात खुपसतोस. गाल असा फुगतो जशी आत सुपारी. सरळ चेंडूला गाल सपाट. दुसऱ्या डावात मला शंका आली. तिसऱ्यापासून मी शेजारच्या लठ्ठ गृहस्थांना प्रत्येक चेंडू आधीच सांगू लागले. सरळ, सरळ, आता वळणार. बाविसातले बावीस बरोबर! ते गृहस्थ आधी हसले, मग टोपी काढून बसले, आणि सहाव्या डावात मला विचारू लागले की माझं लग्न झालंय का. समोरच्या संघाच्या बाकावर एक टकलू फक्त तुझ्या तोंडाकडे बघत होता आणि दर वेळी शीळ घालत होता. त्यालाही कळलंय.

आता खरं सांगते. चिडू नकोस. ही खोड मला तू सात वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. किनाऱ्यावर आपण जाळ्याच्या सुतळीचा चेंडू करून खेळायचो, तेव्हा मी तुला कशी झोडपायचे आठवतं? तू रडत आईकडे जायचास, की ताई जादू करते. जादूबिदू काही नाही, तुझा गाल. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुन्हा कधी जिंकले नसते. पुढे मोठा झालास, खोड गेली असेल असं वाटलं. मग विसरूनच गेले.

आज खानावळवाल्या एदुविखेसबाईंकडून पाकीट घेऊन लिहितेय. माँतेर्रेच्या हॉटेलच्या पत्त्यावर तातडीच्या टपालाने टाकते. आरशासमोर उभा राहा. राग आला तर राग धर, पण आधी जीभ आवर.
तुझी अपराधी,
ओतिलिया

*

माँतेर्रे, १० जुलै १९७७

ती. ताईस, सा. न. पण दातओठ खात. वि. वि.

बावीस वर्षं! तू बावीस वर्षं हे पोटात ठेवलंस! आईला, पाद्रीबाबांना, पोलिसांना, सगळ्यांना सांगणार आहे.

पत्र आलं तेव्हा तावो दाढी करत होता. त्याला बाजूला ढकलून आरशासमोर उभा राहिलो. नुसता वळणाऱ्या चेंडूचा विचार केला, आणि ताई, गाल आपोआप वर! तावो तोंडाला फेस तसाच ठेवून हसत जमिनीवर बसला. मग मी बोटाने चाचपलं. जानेवारीत त्या बाजूची दाढ काढली होती, तिथे खड्डा आहे. जीभ तिथे जाऊन बसते. सात वर्षांचा होतो तेव्हा दुधाचा दात पडला होता, तोही तिथलाच ना? म्हणजे बेसबॉल नाही, माझं तोंड बिघडलं होतं!

डॉन प्लुतार्कोंना सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाले, की मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे आणि हे मासे कापणाऱ्या बाईने एका दुपारी ओळखलं. जीभ आवरणं जमेना. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: डाव्या गालात च्युइंगगमचा लिंबाएवढा गोळा, पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत. आता गाल कायमचा फुगलेला. कुणाला काय वाचायचंय ते वाचा!

काल नऊच्या नऊ डाव टाकले. दोनच फटके बसले, धाव एकही नाही. अकरा जण तीनदा चुकवून बाद! तसलाच एक शीळवाला इथल्या संघानेही ठेवलाय. तो डोळे फाडून बघत होता आणि त्याचा संघ हवेत बॅट फिरवत होता. आमचे लोक बाकावर नाचत होते. जबडा एवढा दुखतोय की पोळी चावता येत नाही. मासा चोखून खातोय.

माफ केलेलं नाही, पण माया दुप्पट झालीय.
तुझा,
चोन

*

तोर्रेओन, २ सप्टेंबर १९७७

ती. ताईस, आज नमस्कार उड्या मारत.

जिंकलो! रेडिओवर ऐकलंसच, पण शेवटचा चेंडू रेडिओवाल्याला कळलेला नाही. तो तुला मीच सांगणार.

पुएब्लाविरुद्ध अंतिम फेरीचा सातवा, निकालाचा सामना, शेवटचा नववा डाव. आमची एकच धाव जास्त. त्यांचे दोघे पुढच्या तळांवर उभे, दोन बाद, तिसरा बाद केला की संपलं, आणि बॅट घेऊन आला तो हेराक्लिओ. दारात उभा राहिला तर खोलीत अंधार पडेल असा माणूस. तावो धावत माझ्यापाशी आला. मी त्याला विचारलं, की पुएब्लावाल्यांना गालाचं माहीत असेल ना? तो म्हणाला, की अख्ख्या लीगला माहीत आहे, म्हणून तर तू रवंथ करतोयस. मग मी गोळा काढला आणि त्याच्या हातात दिला. तो शिव्या देत परत गेला.

दोन चेंडू वळवले. दोन्ही वेळा गाल फुगू दिला. हेराक्लिओने दोन्ही ओळखले, जोरात हाणले, पण रेषेबाहेर गेले, म्हणजे त्याच्या नावावर दोन चुका, तिसरीला बाद. त्याच्या तोंडावर हसू आलं. ताई, त्याला वाटलं दुकान उघडं सापडलं! तिसऱ्या वेळी मी गाल पुन्हा फुगवला, चांगला टम्म, आणि अंगातला सगळा जोर लावून सरळ मध्यातून टाकला. तो वळणाची वाट बघत राहिला. बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. पंचाचा हात वर गेला आणि त्यापुढचं मला आठवत नाही, कारण वीस माणसं माझ्या अंगावर होती. डॉन प्लुतार्को सगळ्यात वर.

आता दुसरी गोष्ट. आज सकाळी उत्तरेकडच्या एका मोठ्या क्लबचा माणूस भेटला. मार्चमध्ये सरावाला या म्हणतो. थेट पहिल्या दर्जाच्या लीगसाठी. मी पंधरा दिवसांत कळवतो म्हणालो. तो चकित झाला.

ताई, तू तुझं सांगितलंस, आता माझं ऐक. खांद्याला काहीच झालं नव्हतं. त्यांनी मला परत पाठवलं नव्हतं. मी पळून आलो. भाषा कळत नव्हती. जेवण मागायला एकच शब्द येत होता म्हणून महिनाभर अंडीच खाल्ली. एके सकाळी सरावाला जाण्याऐवजी बसमध्ये बसलो. बँड वाजवून पाठवलेल्या गावाला हे कसं सांगणार? म्हणून खांदा. बारा वर्षं लोक खांद्याला तेल देतायत आणि मी घेतोय.

पुन्हा पळालो तर? तू सांगशील तसं करतो. माया कमी करू नकोस.
चोन

*

यावारोस, ९ सप्टेंबर १९७७

चि. चोन यास पोटभर आशीर्वाद.

आधी जिंकल्याचं. इथे होड्यांनी भोंगे वाजवले, रोसेन्दोंनी नवं इंजिन एवढं तापवलं की आता दुरुस्तीला आहे.

आता खांद्याचं. आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी तुझं पत्र वाचून दाखवताना अडखळले, तर तीच म्हणाली, की परत आला त्या दिवशी त्याने उजव्या हाताने पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या उचलून आणल्या. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, की पोरगं घरी आलं होतं, तेवढं मला पुरे होतं. पण हेही म्हणाली, की तेव्हा तो सतराचा होता, आता त्याला विचारायला आई लागत नाही.

मी मात्र ताई आहे, मी सांगणार. जा. भीती वाटली तर पळून ये, आम्ही दार लावत नाही. पण या वेळी खांद्याचं नाव घ्यायचं नाही, सरळ सांगायचं की आवडलं नाही. आणि जाण्याआधी दहा पदार्थांची नावं पाठ कर. त्या माणसाला तार कर, आज.
वाट बघणारी,
ओतिलिया

*

उत्तरेहून, १ एप्रिल १९७८

ती. ताई, सा. न.

कार्ड लहान, बातमी मोठी. संघात घेतलं! सोळा पदार्थ मागता येतात. दोनदा बस स्टँडवर जाऊन आलो, दोन्ही वेळा नुसतं सरबत पिऊन परत फिरलो. येत्या शनिवारी दुपारी कदाचित पाठवतील मैदानात. रेडिओ लावा.
चोन

*

यावारोस, १० एप्रिल १९७८

चि. चोन यास सगळ्या गावाचे आशीर्वाद. गळा बसलाय म्हणून लिहूनच.

शनिवारी फोरमनने आपण होऊन यंत्रं थांबवली आणि कारखान्याच्या भोंग्याला रेडिओ जोडला. बाया हातातल्या सुऱ्यांसकट अंगणात. आईला खुर्ची दिली, तर ती बसेना. सातवा डाव आला तरी तुझा पत्ता नाही. रोसेन्दो म्हणायला लागले की त्यांनी तुला सरबत विकायला ठेवलंय. आठव्या डावात रेडिओवर सांगणारा, आपली भाषा मोडकीतोडकी बोलणारा उत्तरेकडचा माणूस, म्हणाला, की मैदानात एक नवा मेक्सिकन पिचर येतोय, आणि आपलं आडनाव वाचायला लागला.

अरे, काय सांगू! पहिल्यांदा 'बितुमा' म्हणाला. दोनशे माणसं ओरडली, 'बुइतिमेआ!' जसं काही त्याला ऐकू जाणार होतं. तू पहिल्याला तीन चेंडूंत बाद केलंस. सांगणारा म्हणाला 'बुतिमेना'. आम्ही पुन्हा ओरडलो, या वेळी आई सगळ्यात मोठ्याने. ती चर्चमध्येसुद्धा पुटपुटते, चोन! दुसऱ्याने उंच उडवला आणि कुणीतरी झेलला. सांगणाऱ्याने या वेळी नाव टाळून 'हा पिचर' म्हणत वेळ मारून नेली. मग तिसरा गडी. दोन चेंडू त्याने सोडले, एक कुंपणापर्यंत हाणला पण रेषेबाहेर. माझी सुरी हातातून गळून पडली. आणि मग तू तो ताटलीवाला चेंडू टाकलास. तो माणूस हवेत बॅट फिरवून गुडघ्यावर बसला म्हणे, बाद!

रेडिओत मागून मैदानातल्या लोकांचा एवढा गलका झाला, की सांगणाऱ्यालाही ओरडावं लागलं. श्वास घेऊन, एकेक अक्षर मोकळं करत, अगदी आपल्यासारखं म्हणाला, 'बुइ-ति-मे-आ!'

आमच्याकडून कुणी ओरडलं नाही. आई तेवढी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, हं, आता बरोबर.

पुढचा सामना कधी ते कळव. आमची माया आहेच, तुझीही असू दे.
तुझी ताई,
ओतिलिया