काळ्या कागदावरची इंदू

देवास, ३ जानेवारी १९५४
इंदूसाठी धारचे स्थळ आले आहे. फोटो हवा. स्टुडिओवाल्या भैयासाहेबांनी फोटोला टच मारून माझ्या सावळ्या बहिणीची पिठाची बाहुली केली. मी निषेध नोंदवला. ते म्हणाले, "बाईजी, टच के बिना तो भैंस भी नहीं बिकती." टच न केलेली निगेटिव्ह मागून आणली. घरातली पहिली बी.एस्सी. मी, खरा फोटो मीच छापणार. काळा कागद, त्यावर डिंक, बायक्रोमेटचे रसायन आणि झिंकची पांढरी पूड. ऊन लागेल तिथे पांढरे चिकटेल, बाकीचे पाण्याने धुऊन जाईल.
प्रतिज्ञा: या घरात यापुढे कोणी कोणाला गोरे करणार नाही.

६ जानेवारी
सगळेच धुऊन गेले. ऊन कमी पडले. देवासच्या हवेला शिस्त नाही.

७ जानेवारी
ऊन भरपूर दिले. काहीच धुतले गेले नाही. कोरी पांढरी भिंत. अण्णांनी विचारले, बैठकीलाही असाच चुन्याचा हात मारशील का. वडिलांना विज्ञान समजावायचे नाही, असे ठरवले.

१० जानेवारी, दुपारी
यश. चित्र उमटले. चेहरा काळाभोर, केस पांढरेशुभ्र. निगेटिव्हवरून काळ्या कागदावर पांढरे छापले की उलटेच येणार, हे मला ठाऊक होतेच. फक्त आठवले नाही. इंदूने विचारले, ताई, ही मी ऐंशीव्या वर्षीची का? आईने फोटो पालथा घातला. नवे काही दिसले की माणसे बिचकतात.

११ जानेवारी
मध्यस्थ मोरोपंत सकाळच्या मोटारीने धारला गेले. त्याआधी पाकिटातला स्टुडिओचा फोटो काढून मी छापलेला घातला. आईला सांगितले नाही. तत्त्वासाठी एवढे चालते. शिकलेले घर आहे, कळेल त्यांना.

१७ जानेवारी
मोरोपंत परतले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आजीबाईंचा फोटो पोचला. मंडळींनी नमस्कार सांगितलाय. आता मुलीचा कधी देता?" कसेबसे सावरून त्यांनी मंडळींना येत्या रविवारी प्रत्यक्षच बोलावले आहे. आई माझ्याशी बोलत नाही. इंदू एवढेच म्हणाली की, तिला हे स्थळ आवडले होते. मला हे कोणी सांगितलेच नव्हते.

२४ जानेवारी
पाहुणे चारला येणार. ऐन वेळी पावडरचा डबा रिकामा. आई माझी झिंकची बाटली घेऊन आली. नुसती पुढे धरली. इंदू डोळे मिटून बसली होती. आईच्या हातून थर जाड झाला असता, म्हणून मीच लावले. कानामागेसुद्धा. प्रमाण अचूक.
पहिल्यांदाच पांढरे हवे तिथे बसले. डिंकसुद्धा लागला नाही.