मेन त्यांनी वर केला

आई,

बाजारातून आलीस की तशीच सरकारी दवाखान्यात जा. उद्धवदादा तिथं हाय. जिवंत हाय, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. मऊ भात ने, भरवावा लागंल.

सकाळी आम्ही दोघं मुलींच्या वसतिगृहात वायरिंग बघायला गेलो. मी करंट मोजायचा क्लॅम्प मीटर वायरीभोवती अडकवला तर पन्नास अँपिअर दाखवले. ती वायर त्याच्या निम्माच करंट सोसणारी हाय, हाताला चटका बसत होता. दादानं जिन्याखालचा मेन स्विच बंद केला आणि मालक अमृतरावांना सांगितलं, "वायर बदलेपर्यंत लाइट न्हाई."

ते म्हणाले, "परवा पोरींची परीक्षा हाय. पंख्याबिगर बसवू का त्यांना?"

दादा मला घेऊन वरच्या मजल्यावर गेला आणि तिथली वायरींची पेटी उघडून कामाला लागला. अमृतराव जिन्याखाली गेले आणि मेन वर केला. दादा माझ्यासमोर भिंतीवर आदळला.

मी खाली धावले, मेन पाडला आणि हातातला मीटर त्यांच्या तोंडावर हाणला. ते पडले, तरी परत हाणला. पहिला फटका रागात बसला. दुसरा मारताना मला सगळं समजत होतं. त्यांचा डोळा जाईल म्हणतात.

मी पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन हजर झाले. माझ्यासाठी कुणाच्या पाया पडू नको.

दादाची दोन बोटं संध्याकाळी काढणार हायत. ठाण्यात यायच्या आधी ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली. त्याला अजून कुणी सांगितलं न्हाई. तू सांग, डावा हात धरून सांग.

राजश्री