सगळ्यांचं उरलेलं

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला थांबला का?

प्रयोगशाळेत सध्या रक्तवाहिन्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघते. वाहिनीच्या भिंतीत चरबी साचली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती साफ करायला आत शिरतात. खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकतात. मग भिंत सुजते, वाट अरुंद होते. मी म्हटलं, "या तर आमच्या आईसारख्या, सगळ्यांचं उरलेलं संपवणाऱ्या." प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई हसल्या. मग म्हणाल्या, "आईची तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "ठणठणीत."

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. जिना चढताना तू मध्येच बसतेस म्हणे, छातीवर हात ठेवून. विचारलं की म्हणतेस, "काही नाही रे, पित्त झालंय."

आई, पित्त जिना बघून येत नाही.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे लिहून दादाकडे पाठवलंय. तो वाचून दाखवतोय ना? त्याच्या पायांकडे बघ, चपला घातलेल्या असतील. डॉक्टर वाट बघताहेत. भांडी राहू देत तशीच. तूही चपला घाल.

तुझी,
धाकटी